न आलेल्या तुफानाची खबर

देवबागला येण्याआधी सत्यवतीने समुद्र पाहिलाच नव्हता. तिचं माहेर वालावलीचं. तिथेही पाणी होतं, पण ते माडांच्या सावलीत पसरलेलं कर्लीच्या खाडीचं पाणी. त्याला भरती होती, सुकती होती, पण आवाज नव्हता. लग्न लागलं आणि वऱ्हाड होडीत बसून नेरूरपारावरून खाली निघालं. खाडी रुंद होत गेली, वाऱ्याला खारट वास यायला लागला. देवबागला उतरून मंडळी माडांच्या बनातून पलीकडे गेली मात्र, समोर एकदम तो उभा. नव्या नवरीने शेजारी चालणाऱ्या बाईचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "ह्यो असोच आवाज करता? रात्रीचोय?"

ती बाई म्हणजे शेजारची हौसाबाई. ती मोठ्याने हसली. "रात्रीचो जास्तच करता. वायच दिस जावंदेत, मगे तुका आयकूक येवचो नाय."

हौसाबाईचं बोलणं खरं ठरलं नाही. पहिलं मूल झालं, दुसरं झालं, तरी सत्यवतीच्या कानातून समुद्र गेला नाही. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब, निमुळती पट्टी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि टोकाला दोन्ही पाणी एकमेकांना भिडतात ते खाडीचं तोंड. गावातल्या होड्या मासेमारीला त्याच तोंडातून बाहेर पडत आणि त्याच तोंडातून आत येत. सत्यवतीचा नवरा शंकर पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर शीड लावून बाहेर पडे आणि दुपारी समुद्राकडून वारा फिरला की परते. ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण वालावलीच्या शेतकऱ्याच्या मुलीला तिची सवय व्हायला तयार नव्हती. दुपारी भांडी घासता घासता तिचे हात थांबत आणि ती कान देऊन ऐकत बसे.

घरात सासू नव्हती. सासरे होते, बाबली तांडेल. तरुणपणी त्यांनी शिडाच्या मचव्यावर कौलं भरून मुंबई गाठली होती आणि खाली कालिकोटापर्यंतचं पाणी पाहिलं होतं. आता गुडघे गेले होते. पहाटे काठी टेकत ते वाळूवर येऊन बसत. होड्या ढकलणारी माणसं जाता जाता त्यांच्याकडे बघत. दर्या बरा असला तर बाबली म्हणत, "जावा." बरा नसला तर काहीच म्हणत नसत, तंबाखू मळत राहत. ते गप्प राहिले की माणसं होड्या परत वर ओढत. यावर वाद कधी होत नसे.

उत्तरेला, समुद्रातल्या किल्ल्यासमोरच्या मालवणच्या बंदरावर सरकारी कचेरीपुढे एक उंच काठी होती. मुंबईहून वादळाची तार आली की तिच्यावर धोक्याची खूण चढवत. पण ती खूण मालवणच्या लोकांसाठी. देवबागातून ती दिसायची नाही, आणि कोणी चालत येऊन सांगेपर्यंत होड्या कधीच्या बाहेर पडलेल्या असत.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा शाळेत रेडिओ आला. सरकारने गावासाठी दिलेला, बॅटरीवर चालणारा मोठा खोका. शाळेत घोलप नावाचे मास्तर होते, घाटावरचे, एकटेच राहत. रोज संध्याकाळी ते रेडिओ लावत आणि अर्धा गाव पडवीत येऊन बसे. भजन व्हायचं, बाजारभाव व्हायचे, आणि मग हवामानाचं वृत्त यायचं. वाचणारा माणूस भरभर वाचायचा. दक्षिण कोकण किनाऱ्यावर वारे वायव्येकडून, वेग अमुक, समुद्र किंचित खवळलेला.

"काय सांगल्यान रे?" गणपतने पहिल्याच दिवशी विचारलं. त्याची स्वतःची होडी होती आणि त्याचा आवाजही होडीवरून हाक मारल्यासारखा होता.

"वायव्य म्हणता. वायव्य कोणाचा नाव?" धोंडू म्हणाला. धोंडू हौसाबाईचा नवरा, गणपतच्याच होडीवर जायचा. पडवीत हशा पिकला.

मास्तरांनी समजावून सांगितलं, पण त्यांची भाषाही रेडिओसारखीच. माणसं मान डोलावत राहिली. पडवीच्या कडेला, खांबाआड, बायकांबरोबर सत्यवती उभी होती. ती सातवी झालेली. पुस्तकातली मराठी तिला कळत होती आणि आपल्या नवऱ्याला उद्या कसा वारा लागणार, हे तिला ऐकायचं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "किल्ल्याच्या भायल्या अंगान वारो येतलो म्हणता. लय जोर नाय. दर्यो वायच उडतलो, इतक्याच."

सगळ्यांच्या माना वळल्या. सत्यवतीने पदर पुढे ओढला. गणपत क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यां कळला!"

दुसऱ्या दिवशी वृत्त संपल्यावर माणसांनी आपसूकच खांबाकडे बघितलं. अशी ती गावाची हवामान सांगणारी झाली. कोणी तिला नेमलं नाही आणि तिनेही कधी मागून घेतलं नाही. सुरुवातीला शंकरला ते आवडलं नव्हतं. "गावच्या बापयांसमोर कित्या बोलतंस?" तो म्हणाला होता. "तुमीच त्येंच्यात बसलेले असतास म्हणान," ती म्हणाली.

तिला न कळणारे शब्दही होतेच. 'कमी दाबाचा पट्टा' हा त्यातला एक. तिने मास्तरांना विचारलं. मास्तरांनी शाळेतल्या मुलांच्या हात धुण्याच्या घंगाळात पाणी भरलं आणि त्यात हात गरगर फिरवला. मध्ये खळगा पडला, भोवती पाणी वळत राहिलं. "हवेत असा खळगा पडतो," मास्तर म्हणाले. "चारी बाजूंची हवा तिकडे धावते. हा खळगा एका जागी राहत नाही, समुद्रावरून सरकत जातो. कुठे जाईल हे मुंबईचे लोक सांगायचा प्रयत्न करतात."

"प्रयत्न?" सत्यवतीने विचारलं.

"हो. बोटींकडून तारा येतात, बंदरांवरून तारा येतात, त्यावरून ते अंदाज बांधतात. समुद्र फार मोठा आहे, बाई."

घरी येऊन तिने हे सासऱ्यांना सांगितलं. बाबलींनी लक्ष देऊन ऐकलं. रेडिओचा त्यांना राग नव्हता, पण पडवीत जाऊन तो ऐकावा असंही त्यांना कधी वाटलं नाही. "लखदीव, कालिकोट, मंगळूर, ही नावां माका म्हायती," ते म्हणाले. "त्या पाण्यात मी रवलंय. पण मुंबईत बसान तेंका थंयचा पाणी कसा दिसता, तां माका कळणा नाय."

आणि पहिल्या मोठ्या इशाऱ्याने त्यांचंच म्हणणं खरं केलं. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं रेडिओने सांगितलं. सत्यवतीने ते पडवीत सगळ्यांना सांगितलं. बाबली पहाटे "जावा" म्हणाले, तरी गाव थांबलं. दिवस उजाडला तो स्वच्छ, निळा, आरशासारखा. शेजारच्या तारकर्लीच्या लोकांनी रापण टाकली आणि जाळं ओढता ओढता त्यांचे हात भरून आले, इतका बांगडा लागला. देवबागच्या माणसांनी तो वाळूवर बसून बघितला. थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा तसंच झालं. वादळ आलं नाही, नुसता पाऊस भुरभुरला.

"रेडिओ जेवाक घालता काय गो?" गणपतने भर पडवीत विचारलं.

"मी काय करू? तेणी सांगल्यान तां मी सांगलंय."

"मगे तू सांग ना, जावचा की नाय."

"तां मी सांगूचंय नाय," सत्यवती म्हणाली. "माका कळणा नाय तां मी कसा सांगू?"

माणसं उठून गेली. त्या रात्री तिला फार वाईट वाटलं. खरं तर तिला चूक काय झाली तेच समजत नव्हतं. वादळ आलं नाही ही बरी गोष्ट, आणि लोक तिच्यावर रागावले होते. आलं असतं तर तिच्यावर खूश झाले असते. हे कसं काय?

दिवाळी होऊन गेली होती. हवेत गारवा आला होता, बांगड्याचे दिवस ऐन भरात होते. त्या संध्याकाळी वृत्त वेगळं होतं. वाचणाऱ्याने एकच गोष्ट दोनदा वाचली. लखदीव बेटांच्या वायव्येस मोठं वादळ तयार झालं आहे, ते उत्तरेकडे सरकत आहे, दोन दिवसांत दक्षिण कोकण किनाऱ्यावर जोराचे वारे सुटतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. सत्यवतीने सगळं सांगितलं. पडवीत आता निम्मीच माणसं येत असत. "दोन दिस आसत ना? मगे उद्या काय?" गणपत म्हणाला आणि धोंडूने मान हलवली. पहाटे शंकरने जाळं खांद्यावर घेतलं तेव्हा सत्यवती दारात उभी राहिली.

"जाव नकात."

"सगळे जातत. मी एकटो घराक बसू?" तो म्हणाला. वाळूवर बाबली बसले होते. त्यांनी आकाशाकडे बघितलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जावा." चार होड्या तोंडातून बाहेर पडल्या.

ऊन चढल्यावर सत्यवती पेज घेऊन वाळूवर गेली, तर सासरे उभे होते. ते काठीशिवाय उभे होते, हे आधी तिच्या लक्षात आलं. ते पाण्याकडे बघत होते.

"चेडवा, काल रेडिओन काय सांगल्यान तां परत सांग. एक शबुद गाळू नको."

तिने सांगितलं. तिला सगळं पाठ होतं.

"आता ही लाट बग," ते म्हणाले.

लाट फुटली. सत्यवती दुसरीची वाट बघत राहिली. आता दुसरी येणारच नाही, असं वाटेपर्यंत ती आली नाही. मग दूरवर पाणी एकसंध उचललं गेलं, गुळगुळीत, तेल घातल्यासारखं. वारा जवळजवळ नव्हता. ते पाणी हळूहळू चालत आलं, किनाऱ्यापाशी उभं राहिलं आणि कोसळलं. पायाखालची वाळू हलली.

"ह्या पाण्याक हयलो वारो ढकलणा नाय," बाबली म्हणाले. "ह्यां लांबसून इला. लखदीवाकडसून. पहाटे नव्हता ह्यां."

"मगे तुफान येतला?"

"येतला, नाय येतला, तां माका ठावक नाय. पण होड्यो दोपारी येतल्यो. तेव्हा सुकती असतली." त्यांनी तोंडाकडे बोट केलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. सुकतीला खाडीचं सगळं पाणी जोराने बाहेर धावतं आणि तोंडावर वाळू उथळ होते. बाहेरून असलं पाणी येऊन त्याला भिडलं की ते तिथे भिंतीसारखं उभं राहतं आणि होडीला पालथी घालतं. बाहेरच्या खोल पाण्यात होड्यांना काहीच कळणार नव्हतं. त्या नुसत्या वर-खाली होणार होत्या. धोका समुद्रात नव्हता, घराच्या उंबऱ्यावर होता.

"तेंका आत येवक देव नको. मालवणाक जावंदेत, किल्ल्याच्या आडोशाक."

पण सांगायचं कसं? बाबलींच्या बापाच्या वेळी एक खूण होती. टोकाच्या वाळूवर उंच काठीला काळं कांबळं बांधलं की आत यायचं नाही. कित्येक वर्षांत ती कोणी वापरली नव्हती. शंकरला लहानपणी सांगितली होती, एवढं बाबलींना आठवत होतं. त्याला ती आठवेल की नाही, कोण जाणे.

टोक लांब होतं आणि बाबलींचे गुडघे चालणार नव्हते. सत्यवती धावत खाडीच्या अंगाला गेली. तिथे एक लहान होडी बांधलेली असे. वालावलीला ती लहानपणापासून खाडीत होडी हाकत आलेली. समुद्रात तिचा जीव घाबरा होई, पण खाडीचं पाणी तिच्या ओळखीचं होतं. वाटेत हौसाबाई भेटली. सत्यवतीने दोन वाक्यांत सांगितलं. हौसाबाईने हातातली टोपली तिथेच टाकली, घरात जाऊन बिछान्यातलं कांबळं ओढून आणलं आणि होडीत चढली. मागून काठी टेकत बाबलीही येऊन चढले आणि तिघं टोकाकडे निघाली. सुकती लागलीच होती, त्यामुळे होडी आपोआप पुढे खेचली जात होती आणि सत्यवतीला ती आवरावी लागत होती.

टोकाला पोचून त्यांनी मासे वाळवायच्या मांडवाचा एक बांबू उपसला, कांबळं बांधलं आणि बांबू उभा केला. बाबली वाळूत बसले. दोघी बायका बांबू धरून उभ्या राहिल्या. समोर तोंडावर पांढरं पाणी उकळत होतं.

बऱ्याच वेळाने शिडं दिसली. पहिली होडी शंकरची होती. ती सरळ तोंडाकडे येत होती. बाबलींनी ओरडायचा प्रयत्न केला, पण लाटांच्या आवाजात तो कोणाला ऐकू जाणार? सत्यवतीने बांबू हलवायला सुरुवात केली. होडी तशीच येत राहिली. मग शीड एकदम सैल पडलं, फडफडलं, आणि होडीचं नाक उत्तरेला वळलं. मागच्या दोन होड्याही वळल्या. सत्यवतीला रडू फुटलं. बाबली फक्त म्हणाले, "याद आसा तेका."

चौथी होडी गणपतची. ती दक्षिणेकडून, तोंडापलीकडच्या भोगव्याच्या अंगाने आली. तिथे टेकाड आडवं येतं. त्यातून बाहेर पडेपर्यंत त्यांना वाळूचं टोक दिसलं नसणार, आणि दिसलं तेव्हा ती पांढऱ्या पाण्यात शिरलेली होती. गणपतने कांबळं पाहिलं. तो नंतर सांगायचा, की मी पाहिलं आणि होडी फिरवायला गेलो. फिरवायला गेला तेव्हाच मागून पाणी उभं राहिलं. होडी आडवी झाली आणि दिसेनाशी झाली.

हौसाबाईने बांबू सोडला नव्हता. ती तो तसाच धरून उभी होती.

गणपत आणि आणखी दोघे भोगव्याच्या वाळूवर जिवंत लागले. धोंडू दुसऱ्या दिवशी सापडला. होडीचाच मार डोक्याला बसला होता.

आणि तुफान आलं नाही. त्या रात्री पाऊस झाला, वारा थोडा उठला, माडांच्या झावळ्या पडल्या. रेडिओने सांगितलं, की वादळ पश्चिमेकडे वळलं आणि भर समुद्रात विरून गेलं. पुढच्या दोन दिवसांत पाणी शांत झालं, आकाश निवळलं.

दिवसकार्य झाल्यावर सत्यवती हौसाबाईकडे पेज घेऊन गेली. हौसाबाई चुलीपाशी बसली होती. तिने वर बघितलं. "तुझ्या रेडिओन सांगलेला तुफान खंय आसा गो?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारावं तसं तिने विचारलं. "इला नाय ना? मगे माजो घोव कशान गेलो?"

सत्यवतीने पेज चुलीपाशी ठेवली आणि ती परत आली. त्या संध्याकाळी ती शाळेत गेली नाही. त्यानंतरही गेली नाही. रेडिओ वाजत राहिला, पडवीतली माणसं एकमेकांना काहीबाही सांगत राहिली.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी बाबली काठी घेऊन अंगणात उतरले. "खंय चल्लास?" तिने विचारलं. "शाळेत." ती बघत राहिली. म्हातारा पावलं टाकत गेला, अंधार पडल्यावर परत आला आणि ओसरीवर टेकला. "माका कायएक कळला नाय," त्यांनी सांगितलं. "तो माणूस भाताच्या लाह्यांसारखो बोलता."

"मगे गेलास कित्या?"

"त्या दिवशी मी 'जावा' म्हटलंय," ते म्हणाले. "डोळ्यांक दिसला तां मी सांगलंय. डोळे हय बसान लखदीवाचा पाणी बगणत नाय. तां पाणी इला तेव्हा माका दिसला, पण तवसर येळ झालो. तुझ्या रेडिओन आदल्या दिसा सांगलेला. तो हयच येतला म्हणालो, तां चुकला. पण थंय आसा म्हणालो, तां खरा होता." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "दोनव होयी. रेडिओ तू आयक. पाणी मी बगतंय."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा खांबापाशी उभी राहिली. पण आता ती आधी घरी येऊन सासऱ्यांना सगळं सांगे. ते पहाटे पाणी बघत आणि मगच माणसांना "जावा" म्हणत, किंवा तंबाखू मळत राहत. आता त्या गप्प बसण्यात रेडिओही होता, एवढाच फरक. कधी कधी दोघांचं जुळत नसे. मग बाबली तिलाही वाळूवर बोलावत आणि पाण्यातलं काय बघायचं ते दाखवत: दोन लाटांमधली सवड, पाण्याचा रंग, पाखरं कुठल्या बाजूला जातात ते. तिला आधी सगळं पाणी सारखंच दिसायचं. हळूहळू ते वेगळं दिसायला लागलं. समुद्राचा आवाज ऐकून तिचे हात थांबायचे, ते मात्र तसंच राहिलं. आता ती नुसती घाबरून ऐकत नसे, तर तो काय म्हणतोय ते ऐकत असे.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा इशारा आला. बाबलींनी पाणी बघितलं. पाण्यात काही नव्हतं. "माका कायएक दिसणा नाय," ते म्हणाले, आणि "जावा" मात्र म्हणाले नाहीत. माणसं घुटमळली. पावसाळ्याआधीचे शेवटचे दिवस होते, नंतर होड्या चार महिने झावळ्यांखाली झाकून पडणार होत्या. गणपतने नवी होडी बांधली होती. तिला पाण्यात घालायला तो निघाला.

तेवढ्यात माडांतून हौसाबाई आली. सरळ चालत गेली आणि गणपतच्या होडीत चढून मधल्या फळीवर बसली.

"हौसावयनी, ह्यां काय?" गणपत गोंधळला.

"काय नाय. बसलंय."

"आमका जावचा आसा."

"जा. आधी माका उचलून खाली घाल, मगे जा."

गणपत उभा राहिला. तिला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. गावात कोणाचीच नव्हती. बाकीच्या होड्यांची माणसंही थांबली. सूर्य वर आला. हौसाबाई डोक्यावर पदर घेऊन बसून राहिली. सत्यवतीने तिला पाणी नेऊन दिलं. ते तिने पिऊन लोटा परत दिला. दुपार झाली. समुद्र निळा, शांत, त्यावर एक लहान पांढरी रेघही नाही. दूरवर कोणाची तरी शिडं जाताना दिसली तेव्हा गणपत शिवी हासडून घरी गेला.

संध्याकाळ झाली तरी वारा उठला नाही. रेडिओने सांगितलं, की इशारा मागे घेतला आहे. हौसाबाई होडीतून उतरली, तिने लुगड्याची वाळू झटकली.

"इला नाय तुफान," सत्यवती तिला म्हणाली. ती जवळजवळ माफी मागत होती.

"बरां झाला," हौसाबाई म्हणाली. "आज सगळे आपापल्या घराक जेवले."

त्या दिवसानंतर इशाऱ्यावरून सत्यवतीला कोणी बोललं नाही. चुकलेले इशारे नंतरही आले, पुष्कळ आले. माणसं कुरकुरत, पण थांबत. एका वर्षी खरंच वारा आला, शाळेची कौलं उडाली, कितीतरी माड आडवे झाले. देवबागची एकही होडी बाहेर नव्हती. त्या दिवसाबद्दलही नंतर कोणी फारसं बोललं नाही. सगळे घरात होते, मग सांगण्यासारखं काय असणार?

बाबली गेले ते थंडीच्या दिवसांत, झोपेतच. शेवटचं वर्षभर त्यांना वाळूवर जाता येत नव्हतं. सत्यवती पहाटे पाणी बघून येई, आदल्या संध्याकाळचं वृत्त सांगे, आणि ते पडल्या पडल्या दोन्हींवर विचार करत. पुढे पुढे ते विचारू लागले, "तुका काय वाटता?" ती सांगे. बहुतेक वेळा ते मान हलवत. गेल्यावर त्यांच्या जागी वाळूवर कोणी बसलं नाही. पहाटे माणसं घरावरून जाताना हाक मारत आणि सत्यवती दारातूनच सांगे.

मग गोवा मोकळा झाला आणि पणजीचं केंद्र लागायला लागलं. तिथून कोंकणीतही बोलत. ते ऐकायला कोणाला मध्यस्थ लागत नव्हता. मुंबईला कामाला असलेली मुलं गणपतीला येताना लहान ट्रान्झिस्टर आणू लागली. शंकरनेही एक घेतला आणि मेणकापडात गुंडाळून होडीत ठेवायला लागला. शाळेतला मोठा खोका बिघडला, तो कोणी दुरुस्त केला नाही. घोलप मास्तर बदली होऊन घाटावर गेले. सत्यवतीला हाक मारणं हळूहळू थांबलं. तिला वाईट वाटलं नाही. पण संध्याकाळच्या वेळी हात रिकामे पडल्यासारखं वाटे, आणि काय करावं ते सुचत नसे.

ते हौसाबाईने हेरलं असावं. ती मासे खारवून विकायची. "एकट्यान ओझा नेववणा नाय," एक दिवस ती म्हणाली. "चल माज्यावांगडा." तेव्हापासून दोघी मिळून मासे घेऊ लागल्या, खारवू लागल्या, वाळवू लागल्या, आणि बाजाराच्या दिवशी मालवणहून एसटी धरून कसालला जाऊ लागल्या. कसालच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी येत. समुद्र त्यांच्यातल्या पुष्कळांनी पाहिला नव्हता.

भातकापणीचे दिवस होते. दोघी टोपल्या मांडून बसल्या होत्या. एक म्हातारी सुके बांगडे निवडत होती. निवडता निवडता तिने सहज विचारलं, "दर्याकडसून इलास ना? पाऊस कसो आसा? भात कापून पडला आसा माजा."

सत्यवती बोलण्यासाठी तोंड उघडणार, तोच हौसाबाई पुढे झुकली. सकाळी निघताना तिने शंकरच्या ट्रान्झिस्टरला कान लावला होता, हे सत्यवतीने पाहिलं होतं.

"मंगळुराच्या भायर दर्यात खळगो पडलो आसा," हौसाबाई म्हणाली. "हय येतलो की परस्पर जातलो, तां तेंकाय ठावक नाय, माकाय नाय. पण आज घराक जा आणि भात आत घे. नाय इलो पाऊस तर परवा परत पसर. कायएक जाणा नाय."

म्हातारीने आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. तिने हौसाबाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग घेतलेले बांगडे पिशवीत टाकले आणि बाजार अर्धा सोडून घराच्या वाटेला लागली.